मुलांना घेऊन पहिल्यांदाच गेम झोनला जाताय? मशिनं दुरुस्त करणाऱ्याचं उत्तर

प्रश्न असा आहे: सहा आणि अकरा वर्षांची दोन मुलं, सुट्टीत त्यांना पहिल्यांदाच मॉलमधल्या गेम झोनला न्यायचंय. किती पैसे जातील, काय खेळावं, ती टेडी उचलायची क्रेन खरी असते की फसवी, आणि एकंदर जागा मुलांसाठी बरी असते का?

मी ही मशिनं दुरुस्त करतो. पुण्या-मुंबईकडच्या मॉलमध्ये बरीच वर्षं हेच काम आहे. त्याआधी एसटी स्टँडच्या आसपासच्या व्हिडिओ गेम पार्लरमधली लाकडी कॅबिनेट उघडून त्यातले बोर्ड बदलायचो. त्यामुळे उत्तर मशीनच्या मागच्या बाजूने देतो, कारण पुढून दिसत नाही असं बरंच तिथे असतं.

झोनमध्ये शिरलं की दिवे आणि आवाज एकदम अंगावर येतात आणि सगळी मशिनं एकाच माळेची वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या दोन जाती आहेत. पहिली खेळाची: ड्रायव्हिंग, बंदुकीचे गेम, एअर हॉकी, बास्केटबॉल, डान्स. इथे तुम्ही पैसे देऊन वेळ विकत घेता आणि हात बसेल तसे त्याच पैशांत जास्त खेळता. दुसरी जात तिकिटांची आणि बक्षिसांची: फिरणारं चाक, पळता दिवा थांबवायचा गेम, चेंडू भोकात टाकायचे गेम, क्रेन. इथे सरासरी किती परत द्यायचं हे झोनने आधीच मशीनमध्ये भरलेलं असतं. दोन्ही जातींत मजा आहे. पण कार्ड टेकवण्याआधी समोरचं मशीन कुठल्या जातीचं आहे हे ओळखता आलं पाहिजे आणि मुलालाही सांगता आलं पाहिजे. माझ्या मते पहिल्या भेटीत मुलांना एवढं कळलं तरी पैसे सत्कारणी लागले.

आता पैशाचं. मॉलमध्ये टोकन जवळजवळ गेलेत. काउंटरवर कार्ड घ्यायचं, त्यात पैसे भरायचे, मशीनच्या रीडरवर टेकवायचं. मोठ्या शहरात एक खेळ साधारण शंभर-दीडशे रुपयांच्या घरात जातो. लहान मुलांचे साधे गेम त्याहून स्वस्त, व्हीआर (डोळ्यांवर मोठा चष्मा चढवून खेळायचे) आणि हलणाऱ्या खुर्चीचे गेम महाग. ड्रायव्हिंगची एक शर्यत तीनेक मिनिटं चालते, क्रेनचा डाव अर्ध्या मिनिटात आटपतो. दोन मुलं तासभर खेळली तर दीड-दोन हजार सहज जातात, आणि क्रेनसमोर उभी राहिली तर तेवढेच पैसे वीस मिनिटांत संपतात. रीडरच्या छोट्या पडद्यावर त्या गेमची किंमत दिसते. मुलांना आधी ती वाचायला लावा.

काउंटरवर 'इतके भरा, वर इतका बोनस' असा फलक असतोच. बोनसची रक्कम सहसा वेगळ्या खात्यात जमा होते आणि सगळ्या गेमवर चालतेच असं नाही. तीन गोष्टी तिथेच विचारून घ्या: उरलेले पैसे परत मिळतात का (बहुधा नाही), कार्डाची मुदत किती, आणि तिकिटं पुढच्या वेळेपर्यंत राहतात का. पहिल्या खेपेला सगळ्यात लहान रिचार्ज करा. दोघा मुलांना दोन वेगळी कार्डं द्या, दोन्हींत सारखे पैसे. एकाच कार्डावर दोघं असली की मोठा क्रेनवर उडवतो आणि धाकट्याचं राज्य येईपर्यंत कार्ड रिकामं होतं; हे मी रोज बघतो. तासाभराचा अमर्याद पास मिळत असेल तर तो सहसा फक्त खेळाच्या जातीच्या मशिनांना लागू असतो. तुमच्या अकरा वर्षांच्या मुलासाठी तो फार चांगला सौदा आहे.

कुठल्या वेळी जायचं यावरही पुष्कळ अवलंबून असतं. आमचं काम सकाळी झोन उघडण्याआधी सुरू होतं. प्रत्येक मशीन टेस्ट मोडमध्ये घालून बटणं, पेडल, बंदुका तपासायच्या, बास्केटबॉलचे चेंडू मोजायचे, काचा पुसायच्या. म्हणजे आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, उघडल्या उघडल्या गेलात तर मशिनं सगळ्यात नीट असतात. रविवारी संध्याकाळी त्याच मशिनांवर शेकडो हात पडून गेलेले असतात: बंदुकीची वायर ओढली गेलेली, दोन चेंडू गायब, कुठल्यातरी बटणात कोल्ड्रिंक गेलेलं. कोल्ड्रिंक हा आमचा सगळ्यात मोठा शत्रू. पाणी वाळतं, साखर वाळून चिकट होते आणि बटणाखालचा स्विच अर्धवट दबलेलाच राहतो. खाणं-पिणं बाहेर ठेवा असं सांगतात त्यामागे हे कारण आहे. अनेक झोनमध्ये मधल्या वारी दरातही सूट असते, ती चौकशी आधी करा. मुलाला मोठ्या आवाजाचा किंवा लखलखाटाचा त्रास होत असेल तर सकाळचीच वेळ निवडा. आणि घरात कुणाला फिट येण्याचा आजार असेल तर चमचमत्या प्रकाशाबद्दलची मशीनवरची सूचना वाचल्याशिवाय त्यांना बसवू नका. काही जणांना वेगाने उघडझाप करणाऱ्या प्रकाशाने खरोखर झटका येऊ शकतो.

आत गेल्यावर कार्ड घेण्याआधीच एक पूर्ण चक्कर मारा. या चक्करीत झोनची पारख होते. 'बंद आहे' अशी पाटी एखाद-दुसऱ्या मशीनवर असेल तर काळजी नको, उलट कुणीतरी लक्ष देतंय असा त्याचा अर्थ. काळजी करायची ती पाटी नसलेल्या बिघडलेल्या मशीनची. खेळणाऱ्यांकडे पाहा: कुणी तेच बटण पुन्हा पुन्हा जोरात आपटतंय का? कुणाची गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते आहे का? एअर हॉकीची चकती एका ठरावीक जागी येऊन अडते का? तिथली हवेची भोकं धुळीने बुजलेली असतात. ज्या झोनमध्ये अशी तीन-चार मशिनं दिसतील तिथे कमी खर्च करा आणि बाहेर पडा. बिघडलेल्या मशीनवर मूल हरतं तेव्हा त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. मला या धंद्यात सगळ्यात जास्त हीच गोष्ट टोचते.

ड्रायव्हिंगपासून सुरुवात करा. नेहमी होणारी चूक म्हणजे आधी कार्ड टेकवायचं आणि मग सीट सरकवायची. कार्ड टेकवताच पडद्यावर उलटी मोजणी सुरू होते. आधी बसा, सीटखालचा दांडा ओढून सीट पुढे घ्या, दोन्ही पेडल पूर्ण दाबली जातात का पाहा, मगच कार्ड. पाय पोचत नसेल तर त्या मुलाला त्या गेमवर बसवूच नका. अर्धं दाबलेलं पेडल म्हणजे अर्धी गाडी. नंतर गाडी निवडायचा पडदा येतो. तिथे स्टिअरिंग सोडून हात मांडीवर ठेवा. निवड आपोआप एका बाजूला सरकत राहिली तर स्टिअरिंगचं केंद्र सरकलेलं आहे आणि शर्यतीतही गाडी तशीच ओढणार. लगेच तिथल्या कर्मचाऱ्याला हाक मारा. शर्यत संपल्यावर तक्रार केली तर तो ऐकेल, पण सुरुवातीलाच दाखवलंत तर बहुतेक ठिकाणी तुम्हाला दुसऱ्या सीटवर एक डाव मिळतो.

गिअर ऑटोमॅटिक ठेवा. वळणावर ब्रेकपेक्षा आधी ॲक्सिलरेटर सोडणं शिकवा. बहुतेक गेममध्ये तेवढ्यावर अर्धी वळणं निघतात. शेजारी शेजारी जोडलेल्या सीट असतील तर एकमेकांविरुद्ध खेळता येतं, त्यासाठी दोघांनी एकाच वेळी कार्ड टेकवून जोडलेल्या शर्यतीचा पर्याय निवडायचा. सेगा या जपानी कंपनीच्या १९९४ च्या डेटोना यूएसए या ड्रायव्हिंग गेममध्ये आठ सीटपर्यंत असं जोडता यायचं. आठ जण एका रांगेत बसून आरडाओरडा करत खेळतात तेव्हा तो गेम कशासाठी बनवला होता ते कळतं. आजही एकट्याने खेळण्यापेक्षा दोन सीटची शर्यत दसपट रंगते.

बंदुकीच्या गेमबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे यंत्र समजलं की खेळ लगेच सुधारतो. जुन्या, पिक्चर ट्यूबच्या पडद्यावर चित्र ओळीमागून ओळ असं रेखलं जायचं. बंदुकीतला सेन्सर तो प्रकाश कुठल्या क्षणी दिसला हे टिपायचा आणि त्यावरून बोर्ड नेम काढायचं. सपाट पडद्यावर तो क्षण पकडता येत नाही. म्हणून आताच्या मशिनांत पडद्याच्या कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे छोटे दिवे असतात आणि बंदुकीच्या तोंडाशी कॅमेरा. कॅमेऱ्याला ते दिवे दिसले तरच नेम लागतो. मुलं उत्साहात पडद्याला नाक लावून उभी राहतात, काही दिवे कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर जातात, आणि नेम उड्या मारायला लागतो. दोन पावलं मागे या. जमिनीवर पायांची खूण असेल तर तिथेच उभे राहा. तरीही गोळी नेमाच्या बाजूला पडत असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे बंदूक आणि पडद्याची जुळणी, बिघडलंय. आमच्यासाठी ते दोन मिनिटांचं काम असतं, कर्मचाऱ्याला सांगायला संकोच करू नका.

स्टँडवर घट्ट बसवलेल्या मोठ्या बंदुका वेगळ्या. त्या किती वळल्या हे त्यांच्या सांध्यातला सेन्सर मोजतो, कॅमेऱ्याचा प्रश्न येत नाही, म्हणून त्या जास्त टिकतात आणि लहान मुलांना सोप्या जातात. पाण्याचा फवारा मारायचे गेम याच प्रकारचे असतात. सहा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला तिथे उभं करा. झोंबी आणि रक्ताचे गेम मात्र शेजारीच असतात आणि त्यांच्या आवाजानेच लहान मुलं घाबरतात. पडद्यावर आपोआप चालणारी झलक आधी तुम्ही पाहा. काही गेममध्ये पायाखाली पेडल असतं, नामकोच्या १९९५ च्या टाइम क्रायसिसने ही पद्धत रुळवली: पेडल दाबलं की आडोशातून बाहेर, सोडलं की पुन्हा लपून गोळ्या भरायच्या. नवखे लोक पेडल दाबूनच ठेवतात आणि मिनिटभरात मरतात.

बास्केटबॉलला नेम लावत बसू नका. समोर येईल तो चेंडू उचला, उंच कमान देऊन टाका, पहिला खाली यायच्या आत दुसरा हातात हवा. पुढच्या फेरीत रिंग मागे-पुढे सरकते, तेव्हाही लय तीच ठेवायची. एअर हॉकी हा माझ्या मते अख्ख्या झोनमधला सगळ्यात चांगला गेम आहे. आजी-आजोबांपासून धाकट्यापर्यंत सगळे खेळू शकतात, दोन जण एका पैशात खेळतात, आणि समोर पडदा नाही, माणूस आहे. फक्त बोटं टेबलाच्या कडेवर ठेवू नका, चकती वेगात येते आणि चांगलीच लागते. डान्सच्या मशीनवर, मग ते कोनामीच्या डान्स डान्स रिव्होल्यूशनच्या घराण्यातलं असो की कोरियाच्या पंप इट अपचं, मुलं लाजतात. सर्वांत सोप्या पातळीवर आधी तुम्हीच चढा. मागचा दांडा आधारासाठी असतो, तो धरायला कमीपणा नाही, मुरलेले खेळाडूही धरतात.

आता क्रेन. तुम्ही विचारलंय खरी की फसवी. खरं उत्तर असं की बहुसंख्य क्रेनमध्ये पंज्याची पकड ही सेटिंग असते. पंजा विजेच्या चुंबकाने मिटतो, त्याला किती वीज द्यायची हे मशीन ठरवतं. साधारण रचना अशी: पंजा खाली जाऊन टेडी धरतो, वर उचलताना पकड सैल होते, टेडी घसरतो. ठरावीक डावांनंतर, झोनने भरलेल्या प्रमाणानुसार, एका डावाला पूर्ण जोर मिळतो. त्या डावातही पंजा बरोबर जागी सोडावा लागतोच, म्हणून कौशल्याचा भाग शून्य नाही. पण तो जोराचा डाव कधी येणार हे बाहेरून कळत नाही. 'आता इतके घातलेत, पुढच्याला नक्की निघेल' या हिशेबाला आधार नाही. काही क्रेनमध्ये ही सेटिंग सौम्य ठेवलेली असते आणि काही 'बक्षीस मिळेपर्यंत खेळा' प्रकारच्या असतात, चॉकलेट-गोळ्यांच्या छोट्या क्रेन बहुधा अशा. धाकट्याला तिथे न्या, त्याला काहीतरी हातात मिळतं.

मोठ्या क्रेनवर खेळायचंच असेल तर आधी दहा मिनिटं दुसऱ्यांचे डाव बघा. टेडी काचेपर्यंत ठासून भरलेले असतील तर पंजाला आत शिरायला जागाच नाही, ते मशीन सोडा. सुटा पडलेला, भोकाच्या जवळचा, ज्याचं डोकं किंवा हात वर आलेत असा टेडी शोधा. एकाने काचेच्या बाजूने उभं राहून खोली सांगायची, दुसऱ्याने समोरून चालवायचं. आणि मुलाशी आधी ठरवा: तीन डाव, मग बंद. काच ठोकू नका, मशीन हलवू नका. आत हालचालीचा सेन्सर असतो, भोंगा वाजतो आणि चारचौघांत मुलाचा चेहरा पडतो.

पळता दिवा बरोबर जागी थांबवायच्या काही मशिनांतही असंच आहे. काही निव्वळ चपळाईवर चालतात, काहींमध्ये मोठं बक्षीस ठरावीक डाव झाल्याशिवाय निघतच नाही. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. मोठा फोन किंवा गेमिंग कन्सोल बक्षीस म्हणून काचेत टांगलेला असेल तर दुसऱ्या प्रकारचं समजून चाला.

तिकिटांचा हिशेब मुलांकडून करून घ्या, अकरा वर्षांच्या मुलाला तो सहज जमतो. आधी बक्षिसांच्या काउंटरवर जा. समजा, बाहेर दुकानात शंभर रुपयांना मिळणारा कंपास बॉक्स तिथे हजार तिकिटांना आहे. म्हणजे एक तिकीट दहा पैशांचं. आता शंभर रुपयांच्या एका डावात सरासरी दीडशे तिकिटं मिळत असतील तर पंधरा रुपयांचा माल परत आला. उरलेले पंच्याऐंशी रुपये मजेचे. मुलाला हा आकडा माहीत असला आणि तरीही त्याला चाक फिरवायचं असेल तर खुशाल फिरवू द्या. जॅकपॉट लागल्यावर दिवे लागतात, भोंगे वाजतात, आजूबाजूची माणसं वळून बघतात, त्या क्षणाची किंमत मीही कमी लेखत नाही. सुटी तिकिटं लगेच पेन्सिली-खोडरबरांत उडवण्यापेक्षा साठवायची सोय असेल तर साठवा.

अनेक पालक विचारतात, आमच्या लहानपणचे गेम कुठे गेले? नव्वदीत पार्लरमध्ये खेळलेल्या पिढीला 'मुस्तफा' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. कॅपकॉमच्या १९९३ च्या कॅडिलॅक्स अँड डायनासोर्समधला तो एक खेळाडू, मुस्तफा कैरो. आपल्याकडे अख्ख्या गेमलाच त्याचं नाव पडलं, कारण चपळ म्हणून सगळे त्यालाच घ्यायचे. एक जण खेळायचा, मागे गर्दी उभी राहून सूचना करायची. ते गेम एवढे पसरले त्याचं एक कारण तांत्रिक होतं. जपानमध्ये १९८५ साली जामा नावाची जोडणीची प्रमाण पद्धत ठरली, ५६ पिनांचा एकच जोड. त्यामुळे कॅबिनेट तेच ठेवून आतलं बोर्ड काढायचं, दुसरं लावायचं की दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये नवा गेम. एक लाकडी खोकं कितीतरी वर्षं कमवायचं. किती जीव द्यायचे, गेम किती अवघड ठेवायचा, हेही बोर्डवरच्या बारीक स्विचांनी ठरायचं. एका पार्लरमध्ये सहज जमणारा गेम दुसरीकडे अवघड वाटायचा, तो भास नव्हता.

ते मॉलमध्ये येत नाहीत याचं कारण भाडं. मुरलेला मुलगा एका टोकनवर अर्धा तास उभा राहू शकायचा, आणि गेम जितका चांगला तितका तो जास्त वेळ. आजच्या चौरस फुटाच्या दरात असं मशीन परवडत नाही, तिकिटांचं मशीन मात्र दर अर्ध्या मिनिटाला कमावतं. शिवाय पिक्चर ट्यूबचे पडदे बनणं बंद झालं, जुने बिघडले की सुटे भाग मिळत नाहीत. घरी कन्सोल आणि फोन आले हे तर आहेच. तरी एखाद्या झोनमध्ये कोपऱ्यात पॅक-मॅन (१९८०) किंवा गॅलगा (१९८१) असलेलं छोटं कॅबिनेट दिसलं तर मुलांना नक्की खेळवा. एक जॉयस्टिक, एखादं बटण, आणि नियम दहा सेकंदांत समजतो. जॉयस्टिक हलवताना टिक-टिक असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. चारही दिशांना एक-एक छोटा स्विच असतो, आवाज न येणारी दिशा मेलेली असते.

परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की तिकडे हे जुने गेम अजून जिवंत आहेत. शिकागोच्या आसपास असाल तर ब्रुकफील्डमधलं, २०१० साली सुरू झालेलं गॅलोपिंग घोस्ट हे पार्लर पाहाच: दारात एकदा पैसे भरा आणि आतली शेकडो मशिनं दिवसभर खेळा. न्यू हॅम्पशायरमधल्या लॅकोनियाच्या फनस्पॉटमध्ये जुन्या आर्केड गेमचं संग्रहालयच आहे. टोकियोत ताकादानोबाबा भागातल्या मिकादो पार्लरमध्ये फायटिंग गेमचे कसलेले खेळाडू जमतात. तिथे शंभर येनची नाणी लागतात. जपानच्या क्रेनवर एक चांगली पद्धत आहे: वस्तू अडकून बसली तर कर्मचाऱ्याला नम्रपणे सांगितलं की तो ती सोयीच्या जागी ठेवून देतो. आपल्याकडेही विचारायला हरकत नाही, बरेच जण ऐकतात.

जागा मुलांसाठी बरी असते का, याची दोन उत्तरं आहेत. पहिलं जुगाराचं. पार्लरच्या नावाखाली जुगार चालवल्याच्या, पोलिसांच्या धाडींच्या बातम्या आपल्याकडे येत असतात, त्या खऱ्या आहेत. महाराष्ट्रात लागू असलेला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. कर्नाटकातल्या पार्लरच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमना परवान्याची अट योग्य ठरवली. तुमच्यासाठी ओळखायची खूण सोपी आहे: पडद्यावर पत्ते किंवा फिरणारी तीन चित्रं, आणि जिंकल्यावर वस्तूऐवजी रोख पैसे. असं दिसलं तर मुलांना घेऊन तिथून निघा. मॉलमधल्या झोनमध्ये बक्षीस वस्तूच असते.

दुसरं आगीचं, आणि ते मी जास्त गंभीर मानतो. २५ मे २०२४ ला, शनिवारी, सुट्टीच्या गर्दीत राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली आणि २७ जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलं होती. अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र नव्हतं. गेम झोनमध्ये वायरिंग दाट असतं, फोम आणि प्लायवूड भरपूर असतं, अंधार मुद्दाम केलेला असतो आणि आवाजात ओरडणं ऐकू येत नाही. म्हणून पहिल्या चक्करीत बाहेर पडायचे दोन वेगळे रस्ते शोधा, दुसरं दार खरंच उघडं आहे की त्यासमोर खोकी रचलीत ते बघा, आणि मुलांना ते दार बोटाने दाखवा. एकच अरुंद जिना असलेल्या, पत्र्याच्या शेडमधल्या झोनमध्ये कितीही स्वस्त असलं तरी नेऊ नका. आत वेल्डिंग किंवा दुरुस्तीचं काम चालू असताना झोन ग्राहकांसाठी उघडा ठेवलेला दिसला तर तत्क्षणी बाहेर पडा.

व्हीआर धाकट्याला नको. चष्म्याचं माप मोठ्यांच्या डोक्याचं असतं आणि लहान वयात तो न वापरण्याची सूचना बनवणाऱ्या कंपन्याच देतात. अकरा वर्षांच्या मुलाची तिथली वयाची अट विचारून घ्या. डोळ्यांना गाडी पळताना दिसते पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवत नाही, त्यामुळे काहींना मळमळतं. जेवून लगेच बसवू नका, आणि मळमळायला लागलं तर पैसे गेले तरी चष्मा काढा.

तुमच्या दोघांसाठी मी असं करेन. कामाच्या दिवशी सकाळी जा. आधी चक्कर, मग दोन कार्डं. सुरुवात चौघांच्या एअर हॉकीने, जोड्या बदलून. मग धाकट्याला पाण्याच्या बंदुका, हातोडीने उंदीर मारायचा गेम आणि शेवटी गोळ्यांची क्रेन. मोठ्याला एकच ड्रायव्हिंग गेम निवडायला सांगा आणि त्यावर सलग तीन-चार शर्यती खेळू द्या, तीच गाडी, तोच ट्रॅक. शर्यत संपल्यावर पडद्यावर वेळ येते, ती फोनमध्ये टिपून ठेवा. दहा वेगवेगळ्या मशिनांवर एक-एक डाव खेळलेला मुलगा थकून बाहेर येतो. एकाच मशीनवर चार डाव खेळलेल्याला तिसऱ्या वळणावर कुठे ॲक्सिलरेटर सोडायचा ते सापडलेलं असतं, आणि घरी जाताना तो त्याच वळणाबद्दल बोलत असतो. तिकिटांसाठी प्रत्येकी दोन डाव पुरेत. मशीनने पैसे घेतले आणि गेम सुरू झाला नाही तर कार्ड पुन्हा टेकवू नका. मशीनवरचा क्रमांक बघा, वेळ बघा आणि काउंटरवर सांगा. कुठल्या कार्डातून कुठल्या मशीनला किती वाजता पैसे गेले ते त्यांच्या संगणकावर दिसतं, आणि ते परत जमा करायला त्यांना मिनिटभर लागतो.